कागदाचं रुखवत

लग्नात रुखवत हवंच, असं तू फोनवर म्हणालीस आणि लगेच विचारलंस की ते मागवतात कुठून. मागून तुझा भाऊ ओरडला की हल्ली सगळं भाड्याने मिळतं. त्यावर तुमची ही आजी किती वेळ हसत होती ते तुम्ही दोघांनी ऐकलंच. फोनवर हे क्रमाने सांगता येत नाही, मध्येच तुमच्यापैकी कोणाची तरी मीटिंग निघते. म्हणून लिहून काढते आहे. मला कुठलीही गोष्ट पहिल्या पायरीपासून सांगायची सवय आहे, तेव्हा घाई करू नका.

आधी रुखवत म्हणजे काय ते. मुलीकडच्यांनी मांडवात मांडून ठेवलेला फराळ म्हणजे रुखवत. लाडू, करंज्या, अनारसे, चकल्या. त्यातले पुढे मांडायचे काही नग दिखाऊ मापाचे असत, म्हणजे लाडू नारळाएवढा आणि करंजी सुपाएवढी. त्यांच्याभोवती नेहमीच्या मापाचे रचायचे. वरपक्षाच्या बायका वाजतगाजत पाहायला येत आणि त्यांना नाकं मुरडायची असली की तिथे मुरडत. मुलीकडच्या बायका उखाणे घेऊन त्यांची फिरकी घेत. मुलगी सासरी निघाली की हा फराळ तिच्याबरोबर जाई आणि तिथल्या गल्लीत घरोघर वाटला जाई. सुनेचं माहेर कसं आहे याचा निकाल त्या लाडवावर लागायचा. सूनबाई कशी आहे हे पाहायला पुढे आयुष्य पडलेलं असे.

आता दिवस कसे होते ते. लढाई चालू होती. जर्मनी कुठे आणि नागपूर कुठे, पण साखर मात्र आमच्या घरातून गेली. कंट्रोलच्या दुकानात जी मिळायची ती चहाला पुरत नसे. वडील इतवारीतल्या कापसाच्या एका पेढीवर कारकून होते. जहाजं अडली, कापूस गोदामात पडून राहिला, आणि पेढीने वडिलांना अर्ध्या दिवसावर आणि अर्ध्या पगारावर ठेवलं. त्यामुळे दुपारी ते घरी असत. आईला पगार कापल्यापेक्षा ही अडचण मोठी वाटे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एक माणूस मांडी घालून मोठ्याने वर्तमानपत्र वाचतो आहे आणि दर दोन ओळींनी लढाई कशी लढायला हवी होती ते सांगतो आहे, अशा घरात केर काढून बघा.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. एके दिवशी वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हिने यंदा परीक्षेला बसलंच पाहिजे असं थोडंच आहे? एक वर्ष थांबली तर काय बिघडतं? लढाई संपली की बसेल."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लढाईला सांगा थांबायला. माझी मुलगी नाही थांबणार."

"अगं, पण फी कुठून भरायची?"

"ते मी बघते."

माझी आई चौथी मराठी शिकलेली. 'ते मी बघते' असं ती म्हणाली की आमच्या घरात त्यापुढे बोलायची पद्धत नव्हती.

तिने काय बघितलं ते सांगते. आमच्याकडे विरलेल्या टोपल्या टाकून देत नसत. रद्दी कागद भिजवायचे, त्यात मेथीचं पीठ आणि थोडा डिंक घालून उखळात कुटायचं आणि तो लगदा टोपलीला आतून-बाहेरून लिंपायचा. वाळला की लाकडासारखा टणक होतो. मेथी कडू, म्हणून त्याला कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागत नाही. ही मेथी लक्षात ठेवा.

तर आई अशी टोपली लिंपत बसली होती आणि शेजारची बाई दारात येऊन रडत होती. मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं, साखरेचा पत्ता नाही, गुळाचे चार लाडू होतील, मांडवात काय मांडू. आई ऐकत होती आणि तिचे हात लगद्यात होते. मी समोरच बसून भूमिती करत होते, म्हणून मला ते दिसलं. टोपली बाजूला राहिली आणि तिच्या तळहातांमध्ये लगद्याचा एक गोळा गोल गोल फिरायला लागला. तिने तो पाटावर ठेवला, मान तिरकी करून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "रडू नका. हा कसा वाटतो?"

शेजारीण म्हणाली, "कशाचा आहे?"

"लाडवाचा."

पुढच्या आठवड्यात आमचं घर हलवायाचं दुकान झालं. फक्त खाण्यासारखं त्यात काही नव्हतं. सुपावर लगदा थापून मोठी करंजी झाली, तिची कड आईने खऱ्या कातणीने कातली. चकल्या खऱ्या सोऱ्यातून पाडल्या. खसखस म्हणून अनारशांवर चाळलेली बारीक वाळू. रंगाचं काम मात्र आईला जमेना. बेसनाच्या लाडवाचा पिवळा आणि हळदीचा पिवळा यांत फरक असतो. ती लाडू रंगवून भिंतीशी ठेवी, दूर जाऊन बघे आणि पुसून टाके. दोन दिवस वडील हे वर्तमानपत्रावरून बघत होते. तिसऱ्या दिवशी ते उठले, आईच्या हातातली रंगाची काडी घेतली आणि म्हणाले, "त्यात कणभर गेरू घाल. आणि तूप सुटल्यासारखं दिसायला वरून डिंकाचं पाणी."

त्या दिवसापासून आमच्या घरात लढाई बंद झाली. वडिलांचा हात पेढीच्या कामाने वळणदार झालेला. करंजीचा तांबूस भाजका डाग ते असा काढत की तिला वास यावा असं वाटे. तो वासही आईने आणला. मांडायच्या आधी ती प्रत्येक नगावर तुपाचं बोट फिरवी आणि वेलदोड्याची सालं चुरडून आजूबाजूला टाकी. पहिल्या लग्नात मुंग्यांची रांग मांडवाच्या खांबावरून उतरून थेट लाडवापर्यंत आली. वडिलांना इतका आनंद मी कधी झालेला पाहिला नव्हता.

पद्धत अशी ठरली. रुखवत आमचं, फक्त मांडण्यापुरतं. मुलीची आई गुळाचे, कणकेचे, जमतील तसे थोडे खरे लाडू करून डब्यांत झाकून ठेवणार. वरपक्ष शेवटच्या पंगतीला बसला की आई रुखवतावर चादर टाकणार, कागदाचा माल आमच्या टोपलीत आणि मागच्या दाराने बाहेर. सासरी जाणार ते खरे डबे. लाडू लहान कसे झाले असं कोणी विचारलंच, तर मोठे फोडून वाटायला सोयीचे वळले, हे उत्तर तयार होतं. गुपित फक्त मुलीला, तिच्या आईला आणि आम्हाला ठाऊक. त्याबद्दल ज्याला जे जमेल ते तो देई, आणि आई ते डाळीच्या डब्यामागे माझ्या फीसाठी ठेवी.

माझ्याकडे उखाणे होते. इंग्रजी शाळेत कविता शिकते तर चार ओळी जुळवायला काय हरकत आहे, असं आईचं म्हणणं. मी लिहिलं:

लाडवांचा डोंगर, करंज्यांची आरास,
विहीणबाई या आणि चाखा की सावकाश.

आईने ते ऐकून कपाळाला हात लावला. "चाखायला कशाला बोलावतेस त्यांना? पाहायला बोलाव."

मग 'पाहा की सावकाश' असं केलं. माझ्या लिखाणात नेमकी दुरुस्ती सुचवणारी आई ही पहिली. नंतर कॉलेजात पुष्कळ भेटले, पण एकाच शब्दात काम करणारं कोणी नव्हतं.

असं ते रुखवत नागपूरभर फिरलं. आज महालात, परवा सक्करदऱ्याला. प्रत्येक लग्नानंतर वडील रंग बदलत, बेसनाचा लाडू रव्याचा होई, रव्याचा पुन्हा बेसनाचा. एकदा एक जाडजूड बाई करंजीसमोर बराच वेळ उभी राहून म्हणाली, "ही मी कुठेतरी पाहिली आहे." आई शांतपणे म्हणाली, "करंज्या सगळ्या सारख्याच दिसतात हो. माणसांसारखं थोडंच आहे?" हे आपल्याबद्दल तर नव्हतं ना, याचा विचार करण्यात त्या बाईने पुढचा वेळ घालवला.

फीची तारीख जवळ आली. डाळीच्या डब्यामागे बरंचसं जमलं होतं. अजून दोन लग्नं झाली की मी परीक्षेला बसणार, इतकं स्वच्छ होतं. त्यातलं पहिलं माझ्याच वर्गातल्या एका मुलीचं. लग्न ठरल्यावर तिची शाळा सुटली होती. दुसरं त्यानंतर लगेच, सक्करदऱ्याला.

वर्गातल्या त्या मुलीचं सासर कामठीचं. लष्करी छावणीला दूधदुभतं पुरवणारं मोठं घर. त्यांच्याकडे साखरेची ददात नव्हती, म्हणूनच मुलीच्या आईला रुखवताची जास्त धास्ती. लग्न लागलं, रुखवत पाहून झालं, माझा उखाणा झाला. वरमाई, म्हणजे मुलाची आई, उंच, सडसडीत, कमी बोलणारी बाई. तिने रुखवत डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं आहे." तिच्याकडच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या 'बरं'ला फार मोठा मान होता म्हणे.

आम्ही मागच्या अंगणात टोपली घेऊन शेवटच्या पंगतीची वाट पाहत बसलो. पंगत बसलीच नाही. त्यांच्या भटजींनी सांगितलं की सूर्य मावळायच्या आत सुनेचं पाऊल घरात पडलं पाहिजे. शिदोरी बांधून द्या, वाटेत जेवू. एकच धावपळ उडाली. मुलीचा मामा मोठा हौशी माणूस. भाचीचं रुखवत मागे राहायला नको म्हणून त्याने स्वतः, आपल्या हातांनी, चादरीसकट सगळं उचलून वरपक्षाच्या छकड्यात रचलं. वर दोरीही बांधली. आम्ही पुढच्या दारी आलो तेव्हा छकडा वळणावर दिसेनासा होत होता आणि मामा कपाळावरचा घाम पुसत सगळ्यांना सांगत होता, "एक करंजी मोडू नाही दिली."

मुलीच्या आईने जो हंबरडा फोडला त्याने मांडवातली माणसं गहिवरली. एक म्हातारी मला म्हणाली, "आईची माया वं पोरी, आईची माया."

डबे तिथेच राहिले होते. खरे लाडू नागपुरात आणि कागदाचे कामठीला. दुसऱ्या दिवशी कामठीला हळदीकुंकू, सुनेचं रुखवत गल्लीला दाखवून मग फोडायचं, वाटायचं. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत एक तर ती मुलगी सासरी तोंड दाखवू शकणार नाही, किंवा आई हे काम पुन्हा करू शकणार नाही, किंवा दोन्ही. आणि सक्करदऱ्याच्या लग्नात मांडायला काही नाही. घरी येताना मी आईला म्हटलं, "मग मी परीक्षेला नाही बसत यंदा." ती म्हणाली, "तू उद्या सकाळी माझ्याबरोबर मोटारीत बसते आहेस."

मुलीच्या आईला जाता येईना, कारण लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही असा त्यांचा रिवाज. म्हणून माझी आई तिची मावशी झाली. नातं ठरायला इतकाच वेळ लागला.

पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारगाड्या तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालत. मागे एक भट्टी बांधलेली असे आणि चढ आला की उतारूंनी उतरायचं. कामठीच्या वाटेवर चढ फारसे नाहीत, पण त्या मोटारीला जे काही होते ते सगळे जाणवले. आई मांडीवर डबे घेऊन ताठ बसली होती. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, धक्का द्यायले उतरा जी." आई म्हणाली, "लाडू आहेत. उतरणार नाही." त्या काळात लाडू या शब्दाला असं वजन होतं की ड्रायव्हरने पुन्हा विचारलं नाही. धक्का मी दिला.

आम्ही पोचलो तेव्हा त्या घरात काहीतरी बिनसलेलं आहे हे दारातच कळलं. बायका होत्या, पण बोलत नव्हत्या. रुखवत माजघरात पाटांवर, चादरीखाली. नवी नवरी खांबाशी मान खाली घालून. तिने मला पाहिलं आणि डोळ्यांनी जे सांगायचं होतं ते सांगितलं, पण मला त्यातलं काही कळलं नाही.

वरमाईने पाणी दिलं. आई प्यायली. मग तिने वाटेत जुळवून ठेवलेलं वाक्य काढलं, "आमच्याकडे रुखवत फोडायला मुलीची मावशी लागते. तुम्ही सगळ्यांनी पाठ करून बसायचं, गाणी म्हणायची, आणि मी..."

"फोडायले मावशी कशाले पाहिजे जी? आम्हाले हात आहेत." वरमाईचा आवाज वाढला नाही, तरी सगळ्या बायका जवळ सरकल्या. "पण आधी एक सांगा. मेथीचे लाडू काहून पाठवले?"

आईला खरोखर कळलं नाही. "मेथीचे?"

कोपऱ्यात खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, मुलाचे आजोबा. दात नव्हते, डोळे अधू. ते उत्साहाने म्हणाले, "मेथीचाच होता. मी सकाळी चादरीखाली हात घातला, एक लहानसा लाडू घेतला, दुधात भिजवला. चांगला टणक वळला आहे, आजकालच्या पोरींले असा वळता नाही येत. कडू लागला. डिंकही आहे त्यात. आमच्या बुढीच्या दर बाळंतपणात निम्मे लाडू मीच खाल्ले, मले चव नाही समजत?"

इथे थांबून सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल की मग बिघडलं काय. मेथी आणि डिंक घातलेले लाडू बाळंतिणीला देतात, अंगात शक्ती यावी म्हणून. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीबरोबर तसे लाडू आले, तर सासरच्या बायका बोटांवर महिने मोजायला लागतात. आमचा लगदा अस्सल ठरला होता, पण चुकीच्या लाडवाचा.

आई सावरली. "वडीलधाऱ्यांसाठी आहेत. गुडघेदुखीला चांगले म्हणून."

वरमाईने चादरीचा कोपरा वर केला. "नारळाएवढे?"

आईने चादरीचा कोपरा तिच्या हातातून सोडवून खाली ओढला.

"म्हणजे मेथीचे आहेत हे खरं," वरमाई म्हणाली आणि खांबाकडे वळली. "पोरी, तू सांग. मी तुलेच विचारून राहिली. घाबरू नको, पण खरं सांग."

मुलगी काय सांगणार होती? खरं सांगितलं तर माहेर जातं, नाही सांगितलं तर ती जाते. तिच्या हातांवरची हळद ओली व्हायला लागली. माझ्या बाकावर बसून गणितात माझ्यापेक्षा नेहमी जास्त गुण मिळवणारी मुलगी ती.

आईने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं की ती मला काहीतरी विचारते आहे. मी मान हलवली की नाही आता आठवत नाही. ती वरमाईला म्हणाली, "वरवंटा आहे का?"

वरवंटा आला. आईने चादर काढली, नारळाएवढा लाडू उचलून उंबरठ्यावर ठेवला आणि हाणला. लाडवाला पोचा आला आणि तो उडून आजोबांच्या खाटेखाली गेला. मी तो काढून आणला. दुसऱ्या घावाला तो दुभंगला. आत वर्तमानपत्राच्या घड्या चांगल्या दिसत होत्या, वडिलांनी मोठा नग हलका व्हावा म्हणून मधे तसेच कोरडे कागद भरले होते.

"कागद आहे," आई म्हणाली. "सगळंच कागद आहे. मेथी कसर लागू नये म्हणून घालतात, टोपलीला घालतात तशी. हे माझं काम. पोरीचा आणि तिच्या आईचा यात दोष नाही. साखर मिळाली नाही, खरे लाडू गुळाचे आहेत, ते या डब्यांत. मी मावशीही नाही."

इतकं सगळं एका दमात सांगून तिने वरवंटा पाट्यावर नेऊन ठेवला, जिथला तिथे.

आजोबांनी विचारलं, "मग मी काय खाल्लं?"

"वर्तमानपत्र, बाबाजी. पण जुनं होतं."

"तरीच," आजोबा म्हणाले. "सकाळपासून पोटात तोफा वाजून राहिल्या."

कोणीतरी फिसकन हसलं. वरमाई हसली नाही. तिने बाकीच्या बायकांना बाहेर घालवलं आणि माजघराचं दार लावून घेतलं. मग ती खाली बसली, करंजी उचलून उजेडात धरली, नखाने वाजवली, कातणीची कड निरखली.

"रंगवलं कोणी?"

"हिच्या वडिलांनी."

"चांगलेच रिकामे दिसतात."

"अर्ध्या दिवसापुरतेच," आई म्हणाली.

"आणि हा उद्योग कशासाठी?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "हिची मॅट्रिकची फी."

वरमाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं काल रुखवत पाहिलं होतं तसं, डावीकडून उजवीकडे. "मॅट्रिक होऊन काय करन ही?"

"ते झाल्यावर पाहू. आधी होऊ तर द्या."

"साखर आमच्या घरी होती ना. मागायची होती."

"मुलीकडच्यांनी?" आई म्हणाली. "मुलाकडे?"

वरमाईने करंजी पाटावर ठेवली. तिच्याही दोन लेकी उजवलेल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "काल छकड्यातून हे उतरवलं तर अख्खी गल्ली उभी होती. मी म्हटलं, पाहा, माझ्या सुनेचं माहेर पाहा. आता तुमची अब्रू गेली तं माझी राहते का?" मग उठून तिने पदर खोचला. "मांडा परत. फुटलेल्या जागी काय ठेवता?"

आईने त्या जागी तांब्या उपडा ठेवला आणि त्यावर चकल्यांची रास रचली. तोवर वरमाईने बाहेरच्या बायकांना काय सांगितलं माहीत नाही, पण त्या आत आल्या त्या तोंडाला पदर लावून आणि नवरीच्या पाठीवरून हात फिरवत. संध्याकाळी गल्ली आली. वरमाई पाटांसमोर अशी उभी राहिली की पोलीस काय उभा राहील. एका शेजारणीने लाडवाकडे हात केला, तर ही म्हणाली, "हात धुतले का वं?" आणि ती हात धुवायला गेली तेवढ्यात रुखवतावर चादर पडली. मी माझा उखाणा घेतला, 'पाहा'वर चांगला जोर देऊन. डब्यांतले गुळाचे लाडू घरोघर गेले. एका घरून निरोप आला की लाडू छान आहेत, पण साखरेचे असते तर. वरमाई म्हणाली, "लढाई चालू आहे, त्यांले म्हणा."

आम्ही टोपली भरली. वरमाईने करंजी मात्र बाजूला काढून ठेवली. "ही माझ्यापाशी राहू द्या."

"तुम्हाला कशाला?"

"घरात कोणी जास्त बोललं तर खायले देईन."

नवरीच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा हसू आलं, आणि मला वाटतं तिच्या सासूने ते पाहिलं.

घरी येऊन आईने सगळं सांगितलं. वडिलांनी लाडू फुटल्याचं दुःख केलं नाही. वरमाईने करंजी नखाने वाजवून पाहिली का, कड बघितली का, हे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग नवा लगदा कुटायला बसले. सक्करदऱ्याच्या लग्नात लाडू थोडा ओलसर होता, पण वारा चांगला सुटला होता. फी भरली गेली. शाळेतून आल्यावर मी ते आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं आहे." कामठीच्या वरमाईकडून शिकली होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दाराशी एक दूधवाला उभा. कामठीच्या त्या घरचा माणूस. त्याने एक कागदाची पुडी दिली आणि निरोप सांगितला, "आमच्या बाईंनी सांगितलं, कागद लिहायले असतात. आज खाऊ नको म्हणा."

पुडीत साखर होती. पांढरी, खडखडीत, कितीतरी दिवसांत न पाहिलेली. कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर देतात ना, ती लढाई सुरू झाल्यापासून आमच्याकडे दही-गूळच असायची. आईने देवापाशी दिवा लावला, माझ्या तळहातावर दही घातलं आणि त्यावर चिमूटभर साखर टाकली. वडील पुडी उजेडात धरून दाणे न्याहाळत होते.

मी हात तोंडाशी नेला आणि थांबले. इतके महिने कागदाच्या फराळात राहून अंगी जी सवय लागली होती ती काही जाईना. मी आधी एक दाणा पुढच्या दातांनी हळूच चावून पाहिला.

"खरी आहे," आई म्हणाली. "खा आणि जा."